पातळ काच, जाड कातडी

दुर्बीण करणारे आणि दुर्बिणीतून बघणारे या दोन वेगळ्या जाती आहेत आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार क्वचितच होतो. आमचे भावोजी पहिल्या जातीतले. शनीला चंद्र किती, असं विचारलं तर ते "असतील पुष्कळ" म्हणून मोकळे होतात. पण शनी ज्यात दिसायचा त्या आरशाची कडा कुठे आणि किती पडली आहे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा. मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागापर्यंत उत्तर मिळेल. लग्नाची तारीख त्यांना टक्क जागेपणीही आठवत नाही, असं ताई म्हणते. पण तो त्या दोघांचा प्रश्न आहे.

हा रोग पुण्यात लवकर लागतो. इथली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना रात्री जागवते आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकात दुर्बिणी बनवण्याच्या कार्यशाळा होत आल्या आहेत. तिथे शाळेतली पोरं आणि निवृत्त इंजिनिअर शेजारी शेजारी उभे राहून काचा घासतात. त्याच आयुकात 'पुलस्त्य' नावाची इमारत आहे. पुलस्त्य हा सप्तर्षींपैकी एक, पण ही इमारत पु. ल. देशपांडे यांच्या स्मृतीशी जोडलेली आहे. खगोलशास्त्राच्या संस्थेने विनोदी लेखकाची आठवण आवारातच ठेवावी, ही मला मोठी दूरदृष्टी वाटते. भावोजींना त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

तर अशाच एका कार्यशाळेतून भावोजी दीडशे मिलिमीटर व्यासाचा, चांगला जाडजूड, सुस्वभावी आरसा करून घेऊन आले. तिथेच थांबले असते, पुढचा आरसा घरी घासायला घेतला नसता, तर ताईची गॅलरी अजून कपडे वाळत घालायला मिळाली असती.

आरसा हाताने करतात म्हणजे काय, हे मला आधी कळत नव्हतं. आता इतक्या वेळा ऐकलंय की न विचारता सांगतो. दोन गोल काचा घ्यायच्या. खालची एका ड्रमावर पक्की बसवायची, तिच्यावर कार्बोरंडमची पूड आणि पाणी टाकायचं आणि वरची काच मागे-पुढे घासायची. वरची काच खालचीच्या कडेबाहेर गेली की जोर वरचीच्या मध्यावर आणि खालचीच्या कडेवर पडतो. त्यामुळे वरची काच मधे झिजून खोलगट होते, खालची कडेला झिजून फुगीर होते. घासता घासता आपणही ड्रमाभोवती फिरायचं, काचही हातात थोडी थोडी फिरवायची. सगळ्या दिशांना सारखं झिजलं की दोन्ही काचांना गोलाचा तुकडा होण्यावाचून गत्यंतरच उरत नाही. यंत्र नाही, वीज नाही, आणि भावोजींच्या म्हणण्याप्रमाणे अक्कलही फारशी लागत नाही. वेळ मात्र लागतो. दीडशे मिलिमीटरच्या आरशात एवढी घासाघीस करून जो खड्डा पडतो तो सव्वा मिलिमीटरसुद्धा खोल नसतो.

सुरुवातीची पूड ८० नंबरची. तिचा आवाज असा, की खालच्या मजल्यावरच्या काकू रात्री वर येऊन "तुमच्याकडे एवढ्या उशिरा पुरण वाटताय का?" असं विचारून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी येईल म्हणून वाट बघत राहिल्या. ताईच्या सासूबाई गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून ड्रमाभोवती फिरणाऱ्या मुलाकडे बघायच्या. "एवढ्या प्रदक्षिणा औदुंबराला घातल्या असत्यास तर प्रमोशन तरी झालं असतं," त्या म्हणाल्या. भावोजींनी फिरता फिरता सांगितलं, की प्रमोशन झालं तर संध्याकाळी घरी यायला उशीर होईल आणि काच तशीच राहील.

८० नंतर १२०, मग २२०, मग ४००, मग त्याहून बारीक. दर टप्प्याला पूड बदलते आणि इथे खरा सोहळा सुरू होतो. आधीच्या पुडीचा एक कण जरी मागे राहिला तरी बारीक घासलेल्या काचेवर असा ओरखडा उठतो की पुन्हा चार टप्पे मागे. म्हणून बादली धुवायची, ड्रम धुवायचा, फरशी धुवायची, नखं घासायची, कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगावरचा शर्ट बदलायचा, गॅलरीत कुणी यायचं नाही. भाच्याने चुकून चप्पल घालून पाय टाकला तेव्हा भावोजी "शिवू नकोस!" असं ओरडले आणि सासूबाई ताडकन उठून बसल्या. घरातलं सोवळं त्यांनी मोठ्या धीराने, सासऱ्यांशी भांडून बंद केलं होतं. ते मुलाने विज्ञानाच्या दाराने परत आणलं.

एक आरसा झाला की माणूस पुढचा आरसा मोठा करायचं ठरवतो. हे भावोजींचं एकट्याचं नाही, या जातीत सगळ्यांचं असतं. दीडशेचा झाला, आता तीनशेचा. पण जुनी पुस्तकं सांगतात की आरशाची जाडी व्यासाच्या एक षष्ठांश तरी हवी. म्हणजे तीनशे मिलिमीटरला पन्नास मिलिमीटर जाड काच. वजन पावणेनऊ किलोच्या आसपास. ती मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही आणि परवडली तर उचलवत नाही. म्हणून भावोजींनी पातळ आरसा करायचं ठरवलं: १९ मिलिमीटरची साधी बाजारातली काच, वजन साडेतीन किलोच्या आत. व्यासाशी प्रमाण एकास सोळा.

काचवाल्याकडे त्यांच्याबरोबर मी गेलो होतो.

"गोल कापायची? टीपॉयला का?"

"नाही, दुर्बिणीला."

काचवाल्याने आमच्याकडे जरा निरखून पाहिलं. "मग होल कुठे पाडायचं?"

"होल नाही पाडायचं. आणि टफन्ड नको, साधी द्या."

"साधी फुटेल. पोरंबाळं आहेत घरात?"

"आहेत. त्यांना हात लावू देणार नाही."

"मग एज पॉलिश करून देतो," काचवाला म्हणाला. घरात पोरंबाळं असूनही जो त्यांना टीपॉयला हात लावू देत नाही, अशा माणसाला निदान कडा तरी गुळगुळीत द्यावी, हा त्याचा भला विचार मला पटला. टफन्ड काच का नको, तर तिच्या पोटात ताण कोंडलेला असतो. ती घासून आत गेलं की हातात आरसा न येता चुरा येतो.

पातळ आरशाच्या बाबतीत भावोजींचं दैवत म्हणजे जॉन डॉब्सन. हा माणूस खरा संन्यासी होता, आणि तोही आपल्याकडच्या परंपरेतला. १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत, रामकृष्ण संप्रदायाच्या मठात तो दाखल झाला. मठात राहून विश्वाचं कोडं सोडवायचं, तर विश्व बघायला नको का, म्हणून जहाजांच्या गोल खिडक्यांच्या टाकाऊ काचा मिळवून त्याने आरसे घासायला घेतले. जवळ पैसा नाही. नळीसाठी बांधकामात काँक्रीटचे खांब ओतायला वापरतात तो पुठ्ठा, बैठकीसाठी प्लायवूड. जाड काच त्याला कोण देणार? मिळेल ती पातळ काच, आणि तिच्यातून भलेमोठे आरसे. मठात या उद्योगाची कुरकुर सुरू झाली तेव्हा पत्रांतून तो दुर्बिणीला 'जिरेनियम' म्हणू लागला. नळीत बसवलेली दुर्बीण म्हणजे कुंडीतलं जिरेनियम आणि आरशावर मुलामा चढला की जिरेनियम फुललं. तेवीस वर्षांनी, १९६७ साली, त्याला मठातून जायला सांगितलं. मग त्याने दुर्बिणी रस्त्याच्या कडेला आणल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवत उरलेलं आयुष्य काढलं. आज जगभर हौशी लोक ज्या साध्या बैठकीच्या दुर्बिणी वापरतात त्यांना डॉब्सोनियनच म्हणतात.

ताईने ही गोष्ट शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "तेवीस वर्षं मठवाल्यांनी कसं काढलं?"

पातळ काचेची अडचण अशी, की ती स्वतःच्या वजनाने वाकते. डोळ्यांना हे दिसत नाही, हाताला कळत नाही, पण प्रकाशाला कळतं. हिशेब सोपा आणि भयंकर आहे: जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला की वाकणं सोळा पट होतं, आणि व्यास तोच ठेवून जाडी निम्मी केली की चौपट. म्हणून मोठ्या पातळ आरशाला तीन ठिकाणी टेकवून चालत नाही. भावोजींनी त्याच्यासाठी अठरा टेकूंची बैठक केली. सहा त्रिकोण, प्रत्येकाच्या तिन्ही टोकांवर टेकू. दोन-दोन त्रिकोण एकेका आडव्या पट्टीवर. तिन्ही पट्ट्या तीन बोल्टांवर डुलत्या. सगळं डुलतं असल्यामुळे कुठल्याच टेकूवर जादा भार येत नाही. कुठला टेकू मध्यापासून किती लांब, हे संगणकावरच्या प्रोग्रॅमने काढलं. त्रिकोण ॲल्युमिनियमचे, टेकूंवर फेल्टच्या चकत्या.

"अठरा ठिकाणी आधार," ताई म्हणाली. "माझ्या पाठीसाठी गादी बघायला चला म्हणून मी दिवाळीपासून सांगतेय."

घासतानाही हीच कटकट. काचेखाली वर्तमानपत्राची एक घडी जरी दुमडून राहिली तरी काच तिच्यावर किंचित वाकते. वाकलेल्या अवस्थेत तुम्ही ती सुरेख घासता. मग उचलली की ती सरळ होते आणि तुमचं सुरेख काम वाकडं होतं. जाड काच तुमच्या चुका सोसते, पातळ काच एकेक नोंदवून ठेवते. तरी भावोजी पातळ काचेचं गुणगान थांबवत नाहीत, आणि त्यांच्याकडे पुरावेही आहेत. पातळ आरसा रात्रीच्या हवेत लवकर निवतो; जाड आरसा तासन् तास ऊब सोडत बसतो आणि त्या उबेने ताऱ्यांच्या प्रतिमा उकळल्यासारख्या थरथरतात. मोठ्या वेधशाळाही याच वाटेने गेल्या. चिलीमधल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपचे आरसे ८.२ मीटर व्यासाचे आणि फक्त १७.५ सेंटिमीटर जाड आहेत. प्रमाण एकास सत्तेचाळीसच्या आसपास! प्रत्येकाखाली दीडशे टेकू आणि ते संगणकाच्या आज्ञेने ढकलणारे, आरसा वाकला की लगेच सरळ करणारे. भावोजी हे सांगताना असा आवाज काढतात की चिलीवाल्यांनी त्यांचं बघून केलं.

घासणं संपलं की पॉलिश. पॉलिशला पिच लागतं. डांबराच्या भावकीतला हा पदार्थ ठोकला तर काचेसारखा फुटतो आणि वेळ दिला तर पाण्यासारखा वाहतो, फक्त अतिशय सावकाश. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ साली मांडलेल्या प्रयोगात एका नरसाळ्यातून पिच ठिबकतं आहे आणि इतक्या वर्षांत त्याचे नऊच थेंब पडले आहेत. हे वाचून माझ्या मनात प्रथमच एखाद्या सरकारी कचेरीविषयी आदर निर्माण झाला. पिच वितळवून त्याची थाळी ओतायची, तिच्यात चौकोनी चर पाडायचे, तिच्यावर सिरियम ऑक्साइडचं गुलाबीसर पाणी सोडायचं आणि आरसा तिच्यावर फिरवायचा. पिच बेताचंच मऊ असावं लागतं, आणि ते हवामानावर अवलंबून. पुण्यात डिसेंबरचं पिच मे महिन्यात चालत नाही. नखाने दाबून बघतात; जुने लोक तर तुकडा चावून बघत. आमच्या भावोजींनी नखावर भागवलं, पण वितळवलं ते ताईच्या बासुंदीच्या पातेल्यात. त्या पातेल्याचं पुढे काय झालं, हा विषय त्या घरात काढत नाहीत.

अशा वेळी भावोजी विल्यम हर्शेलचं उदाहरण देतात. देऊ नये, पण देतात. हर्शेल हा इंग्लंडमधल्या बाथ गावातला चर्चचा ऑर्गनवादक. घरीच धातूचे आरसे ओतायचा, घासायचा. १७८१ साली अशाच घरगुती आरशाने त्याने युरेनस शोधला. त्याच वर्षी तीन फुटी आरसा ओतायला त्याने घराच्या तळघरात भट्टी लावली. साचा घोड्याच्या लिदीचा. ती खलात कुटून चाळणीने चाळायचं काम त्याची बहीण कॅरोलाइन हिच्यासकट सगळ्या घराने केलं. भट्टी फुटली, तापलेला रस फरशीवर आला, दगडी फरशा उडून छताला लागल्या आणि हर्शेल, त्याचा भाऊ आणि कारागीर दारांतून पळत सुटले. आरशाला पॉलिश करताना एकदा हात काढला की बिघडणार, म्हणून तो सोळा सोळा तास काचेला, म्हणजे धातूला, चिकटून असायचा. आणि कॅरोलाइन त्याच्या तोंडात एकेक घास घालायची, त्याला गोष्टी वाचून दाखवायची.

"बघ," भावोजी म्हणतात.

"ती बहीण होती," ताई म्हणते. "तुमची बहीण नाशिकला आहे. बोलवून घ्या."

ताईच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. कॅरोलाइनने पुढे स्वतः आठ धूमकेतू शोधले आणि १७८७ पासून राजाने तिला वर्षाला पन्नास पौंड पगार सुरू केला. घास भरवण्याचा इतका मोबदला कुणी देणार असेल तर ताई विचार करायला तयार आहे.

आता तपासणी. आरशाचं खरं काम इथेच असतं, घासणं ही केवळ तयारी. पॉलिश झालेला आरसा गोलाचा तुकडा असतो आणि दुर्बिणीला पॅराबोला लागतो. तीनशे मिलिमीटरच्या आणि दीड मीटर केंद्रांतराच्या आरशात या दोन आकारांमधला फरक कडेला २.३ मायक्रॉन. डोक्यावरच्या केसाचे उभे तीस भाग केले तर त्यातला एक. शिवाय शेवटी पृष्ठभाग कुठेही मिलिमीटरच्या चौदा-पंधरा हजाराव्या भागापेक्षा जास्त चुकता कामा नये. असं माप घेणारं यंत्र लाखांचं असेल असं कुणालाही वाटेल. ते असतं दाढीच्या पात्याचं.

ही युक्ती लेऑ फुकोची, १८५८ सालची. लंबक टांगून पृथ्वी फिरते हे पॅरिसच्या लोकांना दाखवणारा तोच फुको. आरशाच्या वक्रतेच्या केंद्राशी प्रकाशाचा एक बारीक ठिपका ठेवायचा. आरसा तो प्रकाश परत तिथेच आणतो. परत येणाऱ्या किरणांच्या वाटेत पात्याची धार हळूच सरकवायची आणि तिच्यामागे डोळा लावायचा. आरशावर जिथे जिथे उंचसखल आहे तिथले किरण आधी किंवा नंतर अडतात, आणि तेवढी चूक छायाप्रकाशात उठून दिसते, लाखो पट फुगून. आरशावर अजून मुलामाही नसतो. साधी काच जेमतेम चार टक्के प्रकाश परत फेकते, तेवढा पुरतो. सासूबाईंनी या अवस्थेतला आरसा हातात घेऊन पाहिला होता आणि "वर्षभर घासून यात तोंडसुद्धा दिसत नाही" असा अभिप्राय दिला होता.

भावोजींच्या आरशाचं वक्रतेचं केंद्र तीन मीटरवर येतं. म्हणजे आरसा हॉलमध्ये टीव्हीसमोर आणि पातं बेडरूमच्या पॅसेजमध्ये. मध्ये अख्खं कुटुंब. पंखा बंद, कारण हवा हलते. फ्रीज बंद, कारण फरशी थरथरते. खिडक्या बंद, कारण झुळूक. त्या तीन मीटरच्या पट्ट्यातून कुणी जायचं नाही, आणि संडासाचं दार नेमकं त्याच पट्ट्यात. म्हणून तपासणी मध्यरात्रीनंतर. एप्रिलमध्ये, पंख्याशिवाय, अंधारात सगळे घामाने निथळत बसलेले आणि ताई विचारते, "श्वास घेतला तर चालेल का?"

"सावकाश घे," पॅसेजमधून उत्तर येतं.

एकदा मलाही बघायला मिळालं. पात्यामागे डोळा नेला. आधी काहीच दिसेना, मग मान केसभर सरकली आणि अख्खी काच उजेडाने भरली. भावोजींनी स्क्रू फिरवला. पातं शिरलं, उजेड मंदावला आणि त्या सपाट, गुळगुळीत, हाताला काहीही न लागणाऱ्या काचेवर एकदम डोंगरदऱ्या उमटल्या. मधोमध खळगा, त्याच्याभोवती फुगलेलं कडं, बाहेरची कड उतरती. एका बाजूने ऊन पडल्यासारखं सगळं स्पष्ट. "खळगा खरा आहे," भावोजी कानात कुजबुजले, "कडं जरा जास्त झालंय. आता थांब." ते अंधारात आरशापर्यंत गेले, अंगठा काचेवर थोडा वेळ टेकवला आणि परत आले. मी पाहिलं तर अंगठ्याच्या जागी एक टेकडी उभी होती! अंगठ्याच्या उबेने काच तेवढीच फुगली होती. ती टेकडी माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू बसत गेली, आणि पुरती बसायला चांगला वेळ लागला. तेव्हा कळलं की हा माणूस पाच मिनिटं घासून दोन तास नुसता बसून का राहतो. हातांची ऊब काचेतून जाईपर्यंत जे दिसतं ते खरं नसतं.

सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या. त्यांनाही पात्यामागे बसवलं. भावोजींनी आपला हात आरशासमोर धरला तर बोटांतून धुरासारखं काहीतरी वर चाललेलं.

"हे काय निघतंय रे तुझ्या हातातून?"

"ऊब. गरम हवा वर जाते ती दिसते."

"माझा हात धर बघू." त्यांचा हात धरला. त्यातूनही तसंच निघत होतं, जरा कमी. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. "एवढी ऊब निघते," त्या म्हणाल्या, "मग रात्री पाय का गार पडतात?" याचं उत्तर फुकोपाशी नव्हतं. पण त्या रात्रीपासून सासूबाई भावोजींच्या पक्षात गेल्या, आणि घरातलं बहुमत फिरलं.

पातळ आरशाची आणखी एक खोड तपासणीत निघते. कधी कधी तो एका दिशेने चापट दिसतो. आता ही चापट काचेत आहे की काच ज्या स्टँडवर उभी आहे त्याच्या दाबामुळे आली? त्याला साधा उपाय: आरसा नव्वद अंशांत फिरवून ठेवायचा. दोष आरशाबरोबर फिरला तर काचेतला. जागेवर राहिला तर स्टँडचा. इतकी निर्मळ न्यायपद्धत मी दुसरीकडे पाहिलेली नाही. घरातल्या भांडणांतही ती वापरावी, म्हणजे एकदा भावोजींना नाशिकला बहिणीकडे ठेवून बघावं, अशी सूचना ताईने केली.

भावोजींचा सगळ्यात आवडता किस्सा हबल दुर्बिणीचा. १९९० साली ती आकाशात गेली आणि चित्रं धूसर यायला लागली. २.४ मीटरचा आरसा कडेला २.२ मायक्रॉनने चुकलेला. का, तर तो तपासायच्या उपकरणात एक भिंग १.३ मिलिमीटर जागेवरून हललेलं होतं. आरसा चुकीच्या उपकरणाबरहुकूम अगदी अचूक घासला गेला. दुसऱ्या साध्या तपासण्यांत गडबड दिसली होती, पण त्या कमी अचूक म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या. १९९३ साली अंतराळवीरांनी वर जाऊन चष्मा लावावा तशी दुरुस्ती केली तेव्हा कुठे ती नीट बघू लागली. २.२ मायक्रॉन म्हणजे जवळजवळ तेवढेच, जेवढे भावोजींना तीनशेच्या आरशात मुद्दाम घासून काढायचे होते. "त्यांनी दाढीच्या पात्याने एकदा बघायला हवं होतं," भावोजी म्हणतात. हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात, चहानंतर पुन्हा सांगतात.

शेवटी आरसा झाला. म्हणजे भावोजींच्या मते झाला नव्हता, पण सासूबाईंनी "आता पुरे" म्हटलं. मग तो ॲल्युमिनियमच्या मुलाम्याला गेला. निर्वात पेटीत धातूची वाफ करून काचेवर बसवतात. थर मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाएवढा. तीनशेच्या आरशावर सगळं मिळून जेमतेम वीस मिलिग्रॅम ॲल्युमिनियम चढतं. भावोजींनी आरसा परत आणला तो मांडीवर, आणि रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याआधी "सावकाश" म्हणत. पुण्यात याचा अर्थ अखंड नामस्मरण.

मग सोसायटीच्या गच्चीवर कार्यक्रम. शनी बघायला अख्खी सोसायटी आली. खालच्या काकू पुरणपोळीचा डबा घेऊन आल्या. शिडीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत रांग. भावोजींनी दुर्बीण एका भलत्याच ताऱ्यावर लावली, डोळा लावला आणि फोकस बिघडवायला सुरुवात केली. तारा फुगून त्याची धूसर चकती झाली. भावोजी खुश. फोकस दुसऱ्या बाजूने बिघडवला. पुन्हा धूसर चकती. भावोजी आणखी खुश. दोन्ही बाजूंच्या चकत्यांमधली वलयं एकसारखी दिसली म्हणजे आरसा चांगला. ते बघत राहिले, वही काढून लिहीत राहिले, रांग उभीच राहिली. एका लहान मुलाने विचारलं, "काका, शनीची कडी?"

"कडं नाहीये," भावोजी आनंदाने ओरडले, "कड अजिबात पडलेली नाही!"

सासूबाईंनी त्यांना दंडाला धरून बाजूला केलं, भाच्याने दुर्बीण शनीकडे वळवली, आणि मग सोसायटीने शनी बघितला. कडी स्वच्छ होती. काकूंनी दोनदा रांग लावली. भावोजी टाकीला टेकून त्या बिघडवलेल्या ताऱ्याच्या नोंदी पुन्हा तपासत होते आणि शनी त्यांनी त्या रात्री पाहिलाच नाही.

आता ते चारशे मिलिमीटरच्या आरशाचं बोलू लागले आहेत, आणि तोही १२ मिलिमीटरच्या काचेतून. मी हिशेब करून पाहिला: तीनशेचा आरसा जेवढा वाकत होता त्याच्या आठ पट हा वाकेल. टेकू अठराचे सत्तावीस होतील, बहुधा आणखी. तपासणीचं अंतर चार मीटर, म्हणजे पातं सासूबाईंच्या खोलीत. सासूबाईंची ना नाही. ताईने गॅलरीवर कपड्यांच्या दोऱ्या पुन्हा बांधल्या आहेत आणि बासुंदीचं नवं पातेलं कपाटात कुलूप लावून ठेवलं आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या ओळखीतल्या कुणाच्या दुकानाचं नूतनीकरण निघालं असेल, कुणाकडे साधी, टफन्ड नसलेली १२ मिलिमीटरची काच पडून असेल, आणि ती फुकट किंवा कमी किमतीत द्यायची असेल, तर कृपया तिचा टीपॉय करून घ्यावा. कोथरूड परिसरातल्यांनी तर अवश्य.